एकभाव मामा आणि मामींचा फडका

माझ्या मामांना सगळी गल्ली ‘एकभाव’ म्हणायची. छोट्या कारखान्यात ते स्प्रिंगा वळायचे आणि दुरुस्तीवाल्यांना विकायचे. भाव सांगितला की सांगितला. गिऱ्हाईक तणतणत कोपऱ्यापर्यंत जायचं आणि मुकाट्यानं परत यायचं.

मग परदेशातली एक मोठी कंपनी आली. तिच्या कॉफी मशीनच्या झाकणाला मामांची स्प्रिंग लागू लागली. नवी यंत्रं आली, आठ माणसांना बारमाही काम मिळालं, मामांच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट आला. खोटं कशाला बोलू, बरे दिवस आले. फक्त भाव सांगायचं काम गेलं. तो दर वर्षी मेलवर यायचा आणि दोन टक्के उतरूनच यायचा. अशी स्प्रिंग करणारे आणखी बाराजण आहेत, हेही खाली गोड शब्दांत असायचं. मेल मी वाचून दाखवायची आणि मामा ‘हो म्हणून कळव’ म्हणायचे. जुनी गिऱ्हाइकं केव्हाच पांगली होती. अशी आठ वर्षं गेली.

यंदा मात्र कंपनीनं एकदम पाच टक्के कापले. आता आठांतल्या दोघांना तरी घरी बसवावं लागणार होतं, आणि मामांच्या तोंडून ते निघेना. दोन दिवस ते हजेरीचं पुस्तक उघडायचे आणि मिटायचे. मला त्यांची दया आली, आणि रागही.

तिसऱ्या दिवशी ते तडकले. “कंपनीच्या ड्रॉइंगमध्ये आहे तेवढंच करायचं! एक हात जास्त फिरवायचा नाही. वेळ वाचेल, माणसं राहतील!”

“मग माझा फडका?” मामींनी विचारलं.

मामी प्रत्येक स्प्रिंग जुन्या सुती फडक्यावरून ओढायच्या. धागा अडकला की टोक पॉलिशपेपरवर दोनदा फिरवायच्या आणि पुन्हा ओढायच्या. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. अर्धवट काम त्यांना बघवायचं नाही, एवढंच.

“फडका बंद,” मामा म्हणाले. मामी फणकारत पॅकिंगला बसल्या.

दोन महिन्यांत कंपनीची झाकणं अडकायला लागली. स्प्रिंगचं टोक प्लॅस्टिक ओरबाडत होतं. कंपनीनं त्या बाराजणांचा माल लावून पाहिला. सगळा ड्रॉइंगबरहुकूम, आणि सगळा अडकणारा! शेवटी खरेदीखात्याच्या बाईंनी स्वतः व्हिडिओ कॉल लावला. दुभाषी अर्थातच मी.

“पूर्वी तुम्ही काय वेगळं करत होता?” बाईंनी विचारलं.

मामींनी फडका आणून कॅमेऱ्यासमोर धरला आणि एक स्प्रिंग ओढून दाखवली. बाईंनी पुन्हा एकदा दाखवायला सांगितलं.

“अडला हरी,” मामी पुटपुटल्या.

“म्हणजे गाढव मी का?” मामा.

तेवढ्यात बाई म्हणाल्या, “हे काम धरून तुमचा भाव काय?”

मामा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “किती सांगू गं?” एकभाव मला विचारत होते!

“तुमचा भाव तुम्हीच सांगा,” मी म्हटलं.

ते खाकरले आणि गेल्या वर्षीपेक्षा पंधरा टक्के चढा भाव सांगून मोकळे झाले. बाईंनी लगेच होकार दिला.

“कमी सांगितलात,” कॉल बंद होताच मामी म्हणाल्या. मलाही तसंच वाटत होतं. मामांचं लक्षच नव्हतं.

“काय म्हणाल्या गं त्या?” त्यांनी मला विचारलं.

“चालेल म्हणाल्या.”

“ते नव्हे. त्याच्या आधी.”

“तुमचा भाव काय, म्हणाल्या.”

“परत सांग,” मामा म्हणाले.