सहा एकसारखे कप

आमच्या इमारतीमागच्या वस्तीत आज रेखाला बघायला पाहुणे येणार होते. मी खिडकीतून तयारी बघत होते. एका घरातून खुर्च्या आल्या, दुसऱ्यातून चादर. शेजारणीने स्वतःच्या कानातली काढून रेखाच्या कानात घातली. "हलू नकोस गं, पाहुण्यांपुढे एका कानाने बसशील!" सगळ्या हसल्या आणि मला हेवा वाटला. मला बघायला आले तेव्हा आमच्या घरात सगळं होतं. शेजारून काही आणावं लागलं नाही, म्हणून कुणी आलंही नाही.

मग रेखाची आई, आमच्याकडे कामाला येणाऱ्या मंदामावशी, दारात आल्या. "ताई, सहा एकसारखे कप द्याल? निरनिराळे दिसले की मागून आणलेत हे कळतं."

मी कपाटातले कप काढून दिले. गरिबी झाकायलाही त्यांनीच एकमेकींना पुरायचं. आम्ही मागितल्याशिवाय काही द्यायचं नाही, आणि वर हेवाही आम्हीच करायचा!

"आणि पाहुणे असेपर्यंत खिडकीत नका उभ्या राहू हं. पोरगी बुजते," जाताना मावशी म्हणाल्या.

मी खिडकी लावून घेतली. कप पदराखाली झाकून मावशी जिना उतरल्या. कपांना तरी त्या घरात बोलावणं होतं.