टुन्न होण्याच्या तऱ्हा

मी भाषांतराला घेतलेल्या इंग्रजी कादंबरीतला नायक पानोपानी पितो आणि दर वेळी त्याच्यासाठी नवा शब्द येतो. आधी टिप्सी, मग प्लास्टर्ड, मग पिकल्ड. मराठी शब्द सापडेना म्हणून मी मेथी निवडणाऱ्या सासूबाईंना विचारलं. त्यांनी कधी थेंबही चाखलेला नाही, पण त्यांचं माहेर गुत्त्यासमोर होतं. मी अर्थ सांगितला की त्या उठून तसं चालूनच दाखवायच्या. टिप्सीला नुसती मान डुलली. प्लास्टर्डला त्या भिंतीलाच चिकटल्या.

इंग्रजीत पिणाऱ्याला दुसरंच कुणीतरी लिंपतं, लोणच्यासारखं मुरवतं. आपला टुन्न मात्र आतून वाजतो, घंटेवर टोला पडावा तसा.

पिकल्डपर्यंत आम्ही दोघी हसून हसून जमिनीवर बसलो होतो. तेवढ्यात सासरे फिरून आले. विखुरलेली मेथी आणि सासूबाईंचा सुटलेला अंबाडा पाहून ते दारातच थबकले.

"अगं, काय चाललंय काय तुमचं?"

सासूबाई भिंतीला धरून उठल्या आणि झुलतच म्हणाल्या, "तुम्ही बसा जरा. आमचे अजून दोन शब्द राहिलेत."