जनेलाकडची जागा

घ्या, चहा घ्या, सांगते. माझा मूर्खपणा मीच सांगितलेला बरा. आमच्या ह्यांच्याकडून ऐकलात तर तिखटमीठ लावून ऐकाल!

आमचा मुलगा जहाजावर कुक. त्याला घरच्यांसाठी पास मिळाला आणि आम्ही गोव्यातल्या साखळीची दोघं थेट कॅरिबियन समुद्रात! एके सकाळी जहाज बार्बाडोसच्या राजधानीला, ब्रिजटाउनला लागलं. मला पार्लमेंट, पूल, बाजार, सगळंच बघायचं होतं. ह्यांना फक्त क्रिकेटचं मैदान. शाळेत असल्यापासून रेडिओवर त्याचं नाव ऐकलेलं हो!

मुलगा ड्युटीवर. त्याने बजावलं, "आई, साडेतीनला आत. जहाज कोणासाठी थांबत नाही."

जेवण उरकून दुपारी स्टँडवर गेलो, तर मैदानावरून जाणारी मिनीबस उभी होती. आत गाणी दणदणतायत, माणूस एक नाही.

"जनेलाकडची जागा धर गो," हे म्हणाले. "मैदान दिसूक जाय." जनेल म्हणजे आमच्याकडे खिडकी हो.

आता मला सांगा, साखळीला पणजीची बस लागली की आपण काय करतो? खिडकीतून पिशवी टाकतो, जागा धरतो आणि निवांत चहाला जातो. बरोबर ना? ह्या कामात माझा हात धरणारं कोणी नाही! टाकली पिशवी आणि गेलो समोर शहाळं प्यायला.

"आमच्या नारळाची सर ना," असं म्हणत मी वळले, तर बस गायब!

"अगो, पिशवी खंय?"

"जागा धरली तिने!"

"आनी पासपोर्ट?"

"पिशवीत."

"जहाजाचें कार्ड?"

"तेंय पिशवीत."

"देवा सायबा!" हे मटकन कट्ट्यावर बसले.

स्टँडवरच्या माणसाला मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आंटी, इथे माणूस बसला तरच जागा त्याची!"

"मग फोन करा ना!"

"त्या गाण्यांत फोन ऐकू जातो होय? फेरी मारून येईल दीड तासात."

तेव्हा दीड वाजला होता. स्टँड सोडून जायची सोय नाही. दोन वाजले, अडीच वाजले. बसगाड्या सगळ्या सारख्या, दर गाडीमागे मी धावतेय. साखळीच्या एकूण एक देवाला गाऱ्हाणं घालून झालं. हे नुसते घड्याळ बघत बसलेले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं, खरंच सांगते. तेवढ्यात बंदरावरून भोंगा वाजला!

तीनला पाच कमी असताना बस आली. गच्च! चारजण कंबरेत वाकून उभे. आणि खिडकीपाशी माझी पिशवी एकटी, ऐसपैस, वर चक्क सीटबेल्ट लावलेला! शेजारी हॅट घातलेल्या एक आजीबाई.

"कोणाला बसू दिलं नाही मी," त्या म्हणाल्या. "माझं उतरायचं ठिकाणसुद्धा गेलं. पण ठेवणारी येणार, मला ठाऊक होतं."

मी भर स्टँडवर त्यांच्या गळ्यात पडून रडले. कंडक्टर खुशीत सांगतोय, "पार्लमेंट, पूल, क्रिकेटचं मैदान, सगळं फिरून आली हं तुमची पिशवी!"

ह्यांनी एकदा पिशवीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग आम्ही धावत सुटलो. जहाज मिळालं, मैदान राहिलं.

आता घरी कोणी विचारलं, "काका, मैदान कसं होतं हो?" की हे शांतपणे उठतात. खुंटीवरची ती पिशवी आणून पाहुण्यांसमोर खुर्चीत बसवतात.

"हिका विचारा. जनेलाकडे ही बसलेली."