वीस मिनिटं नळाखाली

तिला सगळे पट्टीताई म्हणत, आणि ते काही कौतुकानं नव्हे. लाँड्रीत, म्हणजे तीन हॉटेलांच्या आणि दोन हॉस्पिटलांच्या चादरी रोज जिथं धुऊन, इस्त्री होऊन परत जायच्या त्या मोठ्या शेडमध्ये, ती इस्त्रीच्या तापलेल्या रुळावर चादरी सरकवायची. सात वर्षांपूर्वी वरून फर्मान आलं की प्रत्येक पाळीत प्रथमोपचार शिकलेलं एक तरी माणूस हवं. दोन दिवस शिकायला जायचं कुणी? त्या आठवड्यात तिचं मनगट सुजलेलं होतं, रुळावर तशीही ती कामाची नव्हती, म्हणून मॅनेजरनं तिला पाठवून दिलं. कागदावर नाव लागलं, भिंतीवर पेटी लागली, साहेबांच्या डोक्याचा ताप गेला.

चूक एवढीच झाली, की तिनं ते शिकणं मनावर घेतलं.

कारण तिचे वडील. एका दुपारी जेवता जेवता त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि हातातला घास खाली पडला. आई म्हणाली, थकलेत, जरा पडू दे. काका म्हणाले, साखरपाणी द्या. शेजारणीनं तळपाय चोळायला घेतले. घरात नऊ माणसं, नऊ मतं, आणि हॉस्पिटल चार रस्ते ओलांडून. दिवेलागणीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "किती वाजता झालं?" कुणालाही सांगता येईना. वडील त्यानंतर बरीच वर्षं जगले. उजवा हात मांडीवर ठेवून, सदऱ्याची बटणं दुसऱ्याकडून लावून घेत. शिकवणाऱ्या बाई वर्गात म्हणाल्या, "तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळायला लागलं, तर आधी घड्याळ बघा आणि लगेच ॲम्ब्युलन्स बोलवा." तेव्हा ही बाकावरून उठून बाहेर गेली आणि बऱ्याच वेळानं परत आली.

तेव्हापासून डब्याच्या सुट्टीत तिचा दरबार भरायला लागला.

"पट्टीताई, भाजल्यावर टूथपेस्ट लावतात ना गं?"

"दात भाजलेत का तुझे? वाहत्या पाण्याखाली धरायचं, वीस मिनिटं. पेस्ट नाही, तेल नाही, बर्फसुद्धा नाही."

"वीस मिनिटं कोण उभं राहील?"

"फोन कानाला लावून तासभर उभी राहतेस की."

"आणि नाकातून रक्त आलं की मान मागं टाकायची ना?"

"पुढं वाकायचं. मागं टाकलीस तर ते घशात उतरतं. नाकाचा मऊ भाग चिमटीत धरायचा, तोंडानं श्वास घ्यायचा आणि दहा मिनिटं गप्प बसायचं. तुला शेवटचंच अवघड जाईल."

"आमच्या जावेच्या भावाला फिट येते. त्याच्या तोंडात चमचा घालतात ते लोक."

"का, जेवू घालतात? तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही. धरून दाबायचं नाही. आजूबाजूचं टोकदार काढायचं, डोक्याखाली मऊ काही द्यायचं, झटके थांबले की कुशीवर वळवायचं. पाच मिनिटांवर गेलं तर ॲम्ब्युलन्स."

सगळ्यांत मोठ्यानं हसायची तिची रुळावरची जोडीदारीण. अंगानं उंच, म्हणून तिला शिडी म्हणत. चादरीचं एक टोक शिडीच्या हातात, दुसरं हिच्या, असं अकरा वर्षं चाललेलं. "हिला विचारू नका गं," शिडी म्हणायची, "ही मेलेल्यालाही घड्याळ दाखवून म्हणेल, थांब, अजून सात मिनिटं आहेत."

सगळं हसण्यावारी चाललं होतं, पण मग फळा आला.

दारातून आत शिरलं की समोरच तो टांगलेला. वर लिहिलेलं, "अपघाताविना दिवस", आणि खाली रोज बदलायचा आकडा. वर्ष पुरं झालं की अख्ख्या पाळीला दोन दिवस भरपगारी रजा. कल्पना कुणाची ते माहीत नाही, पण डोकेबाज माणूस असणार. कारण त्या दिवसापासून अपघात थांबले नाहीत, सांगणं थांबलं. रुळाला बोट लागलं की बाही खाली ओढायची. वाफेनं दंड पोळला की घरी जाऊन बघायचं. पेटीतलं मलम संपत होतं आणि नोंदवही कोरी होती. पट्टीताईनं मॅनेजरच्या कानावर घातलं.

"मलम संपतं म्हणजे अपघात होतात, असं थोडंच आहे?" ते म्हणाले.

"मग काय साहेब, पोळीला लावून खातात?"

ते हसले आणि त्यांनी फोन घेतला.

आकडा तीनशे एक्केचाळीसवर आला. शिडीची लेक दुसऱ्या गावी बाळंत झाली होती. दोन दिवस रजेचे आणि एक आठवड्याच्या सुट्टीचा, असे तीन दिवस जोडून तिनं गाडीचं तिकीटही काढून ठेवलं होतं. नातवाचा फोटो तिनं रुळाच्या खांबाला चिकटवला होता, वाफेनं त्याचे कोपरे वळले होते.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला धुण्याच्या ड्रमच्या बाजूनं आरोळी आली.

ड्रमवाला पन्नाशीचा, शांत माणूस. मळ कापायचं खारं, म्हणजे कॉस्टिकचं पाणी, कॅनमधून पंपानं ड्रममध्ये सोडायचं हे त्याचं काम. पंप पंधरा दिवस बिघडलेला, म्हणून तो मगानं ओतत होता. डोळे झाकायचा कामाचा चष्मा वाफेनं धुरकटतो म्हणून खिळ्याला लटकत होता. हातातला मग कॅनच्या काठावर आपटला आणि उजव्या डोळ्यात उडालं. त्यानं हाताला लागला तो धुतलेला टॉवेल घेऊन डोळा चोळला.

पट्टीताई चादर सोडून धावली. पण शिडीच्या टांगा लांब, ती आधी पोचली आणि तिच्या हातात मग होता.

आता हे लाँड्रीत काम केलेल्यालाच सुचलं असतं. चादरीत खारं उरलं तर ती पिवळी पडते, अंगाला खाजते. म्हणून शेवटच्या पाण्यात आम्ल घालतात. त्याला तिथं सगळे आंबट पाणी म्हणत. खाऱ्याला आंबट मारतं, हे तिथली प्रत्येक बाई वर्षानुवर्षं डोळ्यांनी बघत आलेली. शिडीनं शेवटच्या ड्रममधून मगभर आंबट पाणी काढलं होतं आणि ती ड्रमवाल्याला म्हणत होती, "मान वर करा, भाऊ, उघडा डोळा, हे टाकलं की लगेच उतरेल."

पट्टीताईनं मगावर असा फटका मारला की तो भिंतीवर जाऊन आपटला.

"ते चादरीला! डोळा म्हणजे चादर आहे का?"

तिनं ड्रमवाल्याची मान धरली, चाळीस पावलांवरच्या नळापर्यंत ओढत नेली, डोकं उजवीकडं कलतं केलं म्हणजे पाणी चांगल्या डोळ्यात जाऊ नये, दोन बोटांनी पापण्या फाकवल्या आणि नळ सोडला. तो ओरडला. तिनं सोडलं नाही. "बुबुळ फिरवा. वर बघा. खाली. शिव्या द्यायच्या तर द्या, पण डोळा मिटू नका. आणि घड्याळ बघा गं कुणीतरी!"

"अकरा आठ," कुणीतरी म्हणालं.

मॅनेजर आले तेव्हा अकरा बारा झाले होते. त्यांनी नळाकडं पाहिलं, थांबलेल्या रुळाकडं पाहिलं, आणि मग, ती शपथेवर सांगते, फळ्याकडं पाहिलं.

"झालं ना आता? धुतला ना डोळा? चला, मागच्या दारानं माझ्या गाडीतून नेतो. माझ्या ओळखीचा डॉक्टर आहे."

"न्या की. सोळा मिनिटांनी."

"बाई, वेळ घालवताय तुम्ही. यांना डॉक्टरची गरज आहे."

"आहेच. पण पाण्याची आधी आहे. हे डोळ्यात आत आत उतरत जातं, साहेब. गाडीत बसवलं तर वाटभर उतरेल. तोवर तुम्ही ॲम्ब्युलन्सला फोन करा."

"ॲम्ब्युलन्स?" त्यांचा आवाज खाली आला. "गेटवर नोंद होईल."

"होऊ दे."

आता खुद्द ड्रमवालाच नळाखालून बोलायला लागला. "ताई, सोडा. बरं वाटतंय. माझ्यापायी सगळ्यांची रजा जाईल."

"तुम्ही बोलू नका, पाणी नाकात जाईल."

"मी सांगतोय, सोडा त्यांना," मॅनेजर म्हणाले. "हा हुकूम समजा."

तिचे हात अडकलेले. तिनं मान वळवून त्यांच्याकडं बघितलं. ओढणी भिजून गळ्याला चिकटली होती.

"साहेब, रुळावर मी तुमचं ऐकते. आता या नळावर तुम्ही माझं ऐका. हात लावायचा तर आधी मला ढकला."

कुणी ढकललं नाही. कुणी मदतीलाही आलं नाही. चाळीस बायका-पुरुष अर्धवर्तुळ करून उभे होते. शिडी भिंतीला टेकून होती. साडेअकराला दोन कमी असताना पट्टीताईनं नळ बंद केला, स्वतःच फोन केला, कॅनवरचं लेबल टरकन फाडून घेतलं आणि ॲम्ब्युलन्समध्ये चढली.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय उडालं?" तिनं लेबल पुढं केलं. "किती वाजता? किती वेळ धुतलं?" तिनं तेही सांगितलं. त्यांनी पुन्हा धुवायला घेतलं, बाटलीमागून बाटली. संध्याकाळी म्हणाल्या, "काही आठवडे अंधूक दिसेल. पण डोळा राहील."

पाच दिवसांनी डोळ्यावर पट्टी लावलेला ड्रमवाला ऑफिसात बसला होता. टेबलावर फॉर्म होता, आधीच भरलेला. "घरी फरशी धुताना." फळ्यावर तीनशे सेहेचाळीस.

"भाऊंची हरकत नाही," मॅनेजर म्हणाले. "उपचाराचा खर्च आपण बघतोच आहोत. सगळ्यांना रजा मिळते. कुणाचं नुकसान आहे यात? तुम्ही इथं सही करा. प्रथमोपचार देणाऱ्याची."

तिनं फॉर्म दोनदा वाचला. "भाऊ, तुमचा डोळा, तुमची सही. मी काही म्हणणार नाही. पण प्रथमोपचार मी दिला, आणि मी तुमच्या घरी कधी आलेलेच नाही. दार कुठल्या बाजूला आहे तेसुद्धा मला माहीत नाही. मी कशी सही करू?"

ड्रमवाल्यानं उघड्या डोळ्यानं फॉर्मकडं पाहिलं. मग अगदी हळू म्हणाला, "आमच्या घरी फरशी नाहीच आहे, साहेब. शेणसारवण पण नाही, नुसता कोबा आहे. कोरा फॉर्म द्या."

दुपारी फळ्यावर शून्य आलं.

डब्याच्या सुट्टीत तिच्या बाकावर कुणी बसलं नाही. शिडी तेवढी आली, पण उभीच राहिली.

"तीन दिवस. अख्ख्या वर्षात तीन दिवस मागितले होते मी. डोळा तर वाचलाच होता ना? मग 'घरी झालं' म्हणायला तुझ्या जिभेला काय काटा टोचत होता?"

"पंप तसाच राहिला असता. पुढचा डोळा तुझा असता."

"माझा असता तर मी बोलले नसते."

"ते माहीत आहे मला. म्हणून तर."

"लेकीला काय सांगू, ते सांग. सगळ्यांच्या प्रश्नांना उत्तरं असतात ना तुझ्याकडं?"

पट्टीताईनं डब्याचं झाकण लावलं. दुपारभर दोघी रुळावर उभ्या होत्या, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा चादर तिरकी आत गेली. आठवड्यानं शिडी बिनपगारी रजा टाकून लेकीकडं गेली. हिला ते दुसऱ्यांकडून कळलं.

पंप नवा आला. ड्रमपाशी नळही बसला. आणि पट्टीताईची बदली मळक्या खोलीत झाली. "कामाची गरज बघून," असं चिठ्ठीवर होतं. मळकी खोली म्हणजे तळघर. हॉस्पिटलांची गाठोडी तिथं उतरायची आणि चार बायका ती उलगडून रक्ताचं वेगळं, साधं वेगळं करायच्या. नवऱ्यानं विचारलं, "माफी मागून परत वर जाता येत नाही का?" ती म्हणाली, "वास येतो म्हणून विचारताय, का काळजी वाटते म्हणून?" तो म्हणाला, "दोन्ही." तिला ते उत्तर आवडलं.

तळघरात चौथ्याच दिवशी शेजारची मावशी "स्स" करून थबकली. गाठोड्यात कात्र्या निघतात, चमचे निघतात, एकदा कवळी निघाली होती. ही सुई होती. पातळ मोज्यातून थेट आत गेलेली. मावशी बोट तोंडाकडं न्यायला लागली.

"चोखू नका! पिळूही नका. इकडं या." तिनं साबण लावून बोट वाहत्या पाण्याखाली धरलं. "मावशी, याआधी किती वेळा टोचली?"

"मोजलंय कुणी? सात-आठदा असेल. प्रत्येकीला टोचते गं, त्यात काय."

"आणि वर सांगितलंत?"

"कशाला? फळा आहे ना."

"चला."

"कुठं?"

"आधी वर, मग हॉस्पिटलात. कुणाच्या रक्तातली सुई होती ते आपल्याला माहीत नाही. औषध घ्यायचं तर ते काही तासांत घ्यावं लागतं, उद्या परवा नाही. वेळ लिहून घ्या, दहा वीस."

मॅनेजरनं दोघींना दारात पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"बाई, मी तुम्हाला खाली पाठवलं होतं."

"म्हणून तर कळलं, साहेब. खाली सुया निघतात. जाड मोजे हवेत. आणि मावशींना आत्ता गाडी हवी."

"फळ्यावर आज काय आहे, बघितलंत येताना?"

"बघितलं. फॉर्म द्या."

त्यांनी खण उघडला. जिन्यात पावलं वाजली. मळक्या खोलीतल्या उरलेल्या दोघी वर येत होत्या, मोजे काढायचंही त्यांना सुचलं नव्हतं. दारात येऊन एकमेकींना ढोसत उभ्या राहिल्या.

"मला परवा टोचली होती," एक म्हणाली. "हिला गेल्या आठवड्यात. आता गेलं तर चालतं का?"

"परवा किती वाजता?" पट्टीताईनं विचारलं आणि मॅनेजरपुढं हात केला. "तीन द्या, साहेब."