बाजारातलं फूल

पहाटे फिरायला म्हणून निघणारी आणि हातात प्लास्टिकची पिशवी नि आकडी घेऊन जाणारी माणसं दिसली की माझं डोकं आजही फिरतं. स्वतः एक रोप लावायचं नाही, कुंडीत तांब्याभर पाणी ओतायचं नाही, आणि दुसऱ्याच्या कुंपणावरून हात घालून फुलं ओरबाडायची. विचारलं तर उत्तर तयार असतं, ‘देवालाच तर न्यायचीत!’ देवाचं नाव पुढे केलं की समोरच्याची बोलती बंद होते, हे ह्या लोकांना पक्कं ठाऊक असतं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ही म्हण ज्याने केली, त्याच्या दारात नक्की जास्वंद असणार.

माझ्या दारात होती. ऐंशीनंतरची ती वर्षं. आम्ही अंधेरी पूर्वेला, मरोळच्या बाजूला राहायचो. तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा आणि खिडकीखाली सोसायटीच्या आवारातली मातीची एक पट्टी. तिथे कचरा पडायचा. मी तो उपसला आणि कुंड्या मांडल्या. एका कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी नोकरीला होते. दिवसभर दुसऱ्यांच्या प्रयोगांच्या बशा धुवायच्या, काचपट्ट्या पुसायच्या. मला स्वतःचा एक तरी प्रयोग करायचा होता.

तो कसला करायचा हे मला आरे कॉलनीच्या पलीकडे, गोरेगावच्या अंगाला असलेल्या एका नर्सरीवाल्याने नकळत सांगितलं. मी त्याच्याकडे कुंड्या घ्यायला जायची. त्याचा माल ठोक जायचा, मुंबईभरच्या छोट्या नर्सऱ्यांना. एकदा मी जास्वंदीचं रोप मागितलं तर तो म्हणाला, “ताई, जास्वंद हा धंद्याचा माल नाय. ती माणसाएवढी वाढते, खिडकीच्या जाळीत मावत नाय. आणि फूल संध्याकाळी मिटतं. गिऱ्हाईक सातला घर सोडणार, रात्री आठला येणार. त्याला काय दिसणार, बोळा? बुटकी जास्वंद द्या, दुसऱ्या दिवशीपर्यंत उघडं राहणारं फूल द्या, मग बघा. लाइन लागेल.”

तो थट्टेत बोलला होता. मी ती गोष्ट डोक्यात घेऊन घरी आले.

जास्वंदीचा संकर करणं तसं अवघड नाही, चिकाटीचं काम आहे. सकाळी फूल उमललं की एका झाडाचे पराग ब्रशवर घ्यायचे, दुसऱ्या झाडाच्या फुलाला लावायचे, देठाला दोरा बांधायचा आणि वाट बघायची. पाकळ्या गळून पडतात, खाली बोंड धरलं तर धरतं. मुंबईच्या उकाड्यात बहुतेक धरत नाही. थंडीत थोडी आशा असते. एक झाड माझ्याकडे होतं, लाल फुलांचं, जात्याच बुटकं. दुसरं मी मनोरीच्या एका वाडीतून आणलं होतं. त्याची पिवळट फुलं अंधार पडेपर्यंत टिकायची.

पहिल्या थंडीत एकही बोंड हाती लागलं नाही. झाडांचा काही दोष नव्हता. मी उजाडताना दोरा बांधून घरात वळायची आणि परत येईपर्यंत देठ रिकामा असायचा. दोऱ्यासकट तोडायचे. माझे निळे दोरे कुठल्या कुठल्या देवांच्या डोक्यावर गेले असतील ते त्या देवांनाच माहीत. मी पाटी लावली, ‘कृपया फुले तोडू नयेत’. ती पाटी वाचून लोकांना इथे फुलं आहेत हे कळलं.

शेवटी सासूबाई मदतीला आल्या. त्या मालवणकडच्या, गिरणी कामगाराची बायको म्हणून लालबागच्या चाळीत आयुष्य काढलेल्या. जगात कुणाला भीत नसत. दुसऱ्या थंडीत त्या रोज पहाटे खुर्ची टाकून कुंड्यांपाशी बसू लागल्या. आकडी घेऊन कुणी दिसलं की म्हणायच्या, “काय रे बाबा, तुज्या देवाक भीक मागूची पाळी इली काय?” त्या थंडीत बोंडं धरली. ती पिकली, तडकली. बिया मी डालड्याच्या डब्यांत पेरल्या. चाळीसेक रोपं जगली आणि त्यातलं एक रोप मला पहिल्यापासून वेगळं दिसत होतं. पेरं आखूड, पानं दाट आणि तुकतुकीत, वीतभर उंचीवर फुटलेल्या चार फांद्या. पण फूल येईपर्यंत काहीच सांगता येत नाही, आणि बीपासून फूल यायला वर्ष उलटून जातं.

तेवढ्यात सोसायटीत स्कूटरी वाढल्या. दुसऱ्या मजल्यावरचे एक काका सेक्रेटरी होते. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, कपाळाला कायम गंध, बोलण्यात प्रत्येक वाक्याला नियम. त्यांनी सभेत ठराव आणला की आवारातली मातीची पट्टी सिमेंटची करून पार्किंग करायचं. ठराव पास. कुंड्या महिनाअखेरपर्यंत हलवायच्या. हलवू कुठे? आमच्या घरात माणसांनाच पाय पसरायला जागा नव्हती.

मी नर्सरीवाल्याकडे गेले. सगळी रोपं तुमच्याकडे ठेवून घ्या, म्हटलं. तो सरळ माणूस होता, सरळ बोलला. “ताई, जागा म्हणजे माझी भाकरी. चाळीस कुंड्या नुसत्या आशेवर नाय ठेवू शकत. एक फूल दाखवा. ते दुसऱ्या दिवशी उघडं दिसलं तर टेंपो पाठवतो, सगळा लॉट उचलतो. तुमची जात माझ्या नर्सरीत वाढेल.”

आणि नशीब बघा, त्या बुटक्या रोपाला कळी धरली. एकच. मी रोज तिच्याकडे बघत होते. ती फुगली, टोकाला किंचित रंग दिसला, पण कुठला रंग ते कळेना. उद्या उमलणार हे नक्की झालं तेव्हा मी कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानातून त्याला फोन केला. सकाळी दहाला येतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. पहाटे पाणी यायची वेळ, आणि त्या दिवशी पाणी बारीक करंगळीएवढं येत होतं. मी आणि सासूबाई दोघी हंडे-बादल्या भरण्यात अडकलो. मी बाहेर आले तेव्हा देठ रिकामा होता.

मला रडू आलं नाही. मी आवारात मधोमध उभी राहिले आणि वर बघून ओरडले, “कुणी तोडली माझी कळी? वर्षभर जपलीय मी! लाज नाही वाटत?” एक-दोन खिडक्या उघडल्या आणि मिटल्या. दुसऱ्या मजल्यावरून आरतीची घंटा ऐकू येत होती.

नर्सरीवाला दहाला आला. देठ बघितला, माझ्याकडे बघितलं. “ताई, मला देठ बघायला बोलावलंत?” पुढच्या फुलाला कळवा म्हणाला. पुढची कळी धरायच्या आत महिना संपणार होता. आणि मी जन्माला घातलेलं फूल कुठल्या रंगाचं आहे, हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

त्यानंतरच्या सकाळी सासूबाई वाटी परत द्यायला दुसऱ्या मजल्यावर गेल्या आणि जिना धापा टाकत उतरल्या. “गो बाय, काकांच्या गणपतीक एक फूल घातलेला असा. असला फूल माज्या डोळ्यांनी कधी बघूक नाय. बाकीची कालची फुलां मिटली, ह्या मात्र उघडा असा!”

मी धावत वर गेले. काका आंघोळीला गेले होते. काकूंनी दार उघडलं, मी चप्पल काढून थेट देव्हाऱ्यापाशी. कालच्या दुर्वा सुकल्या होत्या, कालच्या जास्वंदी चुरगळलेल्या बोळ्यांसारख्या पडल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये ते होतं. पिकलेल्या पपईचा रंग, मध्यभागी रातांब्यासारखं गडद. पूर्ण उघडं. पाकळीची एक कडासुद्धा वळली नव्हती. मला हसावं की त्या देव्हाऱ्यासमोर कुणाचं तरी मुंडकं पिरगाळावं, कळेना. जमलं होतं. मला जमलं होतं, आणि ते चोराच्या घरात जमलं होतं.

“काकू,” मी म्हटलं, “मी माणसाला फोन करून येते. तो अर्ध्या तासात येईल. तोवर पूजा करू नका, ह्यातलं काही हलवू नका. एवढंच करा माझ्यासाठी.”

काकूंनी मान हलवली. त्या कधी फार बोलत नसत. घरात काकाच बोलायचे.

नर्सरीवाला स्कूटर हाणत आरेतून आला. आम्ही वर गेलो. काका सोवळ्यात, देव्हाऱ्यासमोर हात जोडून उभे. सगळं निर्माल्य उचललेलं होतं. गणपतीला ताजी फुलं, ताज्या दुर्वा, आणि त्या ताज्या फुलांच्या मधोमध माझं फूल. शिळं फूल देवाला चालत नाही म्हणून शेजारच्या मुलींना घालूनपाडून बोलणाऱ्या त्या माणसाने, काय घडतंय हे ओळखून, ते आजचंच वाटावं म्हणून शिळं फूल पुन्हा देवाच्या डोक्यावर ठेवलं होतं.

“हे कालचं फूल आहे,” मी नर्सरीवाल्याला म्हटलं. “काल पहाटे माझ्या कुंडीतून तोडलेलं.”

“काय बोलताय?” काका म्हणाले. “मी कुणाच्या झाडाला हात लावत नाही. आज सकाळी स्टेशनवरच्या बाजारातून आणलंय. देवासमोर उभा राहून सांगतोय.”

“अशी जास्वंद अख्ख्या मुंबईत मिळत नाही, काका!”

“मिळाली. म्हणून तर आणली.”

नर्सरीवाला गोंधळला. तो काकूंकडे वळला. “वहिनी, तुम्ही सांगा. हे फूल काल होतं का घरात?”

काकूंनी काकांकडे बघितलं. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, “बाजारातलंच आहे.”

खाली आल्यावर नर्सरीवाला हळूच म्हणाला, “ताई, मला वाटतंय तुम्ही खरं बोलताय. पण वाटण्यावर चाळीस कुंड्या नाय उचलता येत.” स्कूटरला किक मारून तो गेला. मला काकांचा राग होताच, पण त्या क्षणी काकूंचा जास्त आला. चोराने खोटं बोलावं ह्यात नवल काय? हिला काय झालं होतं?

महिनाअखेर रोपं गेली. काही मी कॉलेजातल्या लोकांना दिली. ती महिन्याभरात त्यांच्या गॅलऱ्यांत वाळली. काही कुणीच नेली नाहीत. ती सिमेंट टाकणाऱ्या माणसांनी उपटून कचऱ्यावर टाकली. त्या चाळीसांपैकी एकाचंच फूल मी पाहिलं. बाकीची कुठल्या रंगाची असती, किती दिवस टिकली असती, हे मला आजही माहीत नाही आणि आता कधीच कळणार नाही. तिथे स्कूटरी उभ्या राहिल्या, त्यात काकांची नव्हती. त्यांना चालवता येत नव्हती.

पण ह्या सगळ्याच्या आधी, त्या खोट्याच्या दुसऱ्याच दिवशी, दुपारी काकू आमच्या दारात आल्या होत्या. हातात वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी. ती त्यांनी उघडली. आत माझं फूल, आता मिटलेलं.

“आज सकाळी मिटलं,” त्या म्हणाल्या. “काल रात्री झोपेपर्यंत उघडं होतं. तुला कळायला हवं, म्हणून आणलं.”

मी पुडी घेतली नाही. “हे काल का नाही बोललात?”

“काल हे घरात होते,” काकू म्हणाल्या.

त्यांनी पुडी उंबऱ्यावर ठेवली आणि जिना चढून गेल्या.

ते बुटकं रोप तेवढं मी वाचवून स्वयंपाकघराच्या खिडकीत जाळीला बांधून ठेवलं. दोन महिन्यांनी त्याला कळ्या आल्या. नर्सरीवाल्याला मी तीनदा फोन केला तेव्हा तो आला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, खात्री करायला. फूल उघडं होतं. त्याने एक पाकळी बोटाने उलटून बघितली आणि तो म्हणाला, “झकास.” रोप नेलं, कलमं केली, आणि पुढच्या दोन वर्षांत अंधेरी-बोरिवलीच्या खिडक्यांत वीत-दीड वीत उंचीच्या जास्वंदी दिसू लागल्या. लोक तिला दोन दिवसांची जास्वंद म्हणत. मला आनंद झाला, नाही कशाला म्हणू? पण बाकीची रोपं आठवली की तो आनंद घसरून पडायचा.

मग सोसायटीचा सत्यनारायण आला. आवारात मांडव, माझ्या कुंड्या होत्या तिथेच, सिमेंटवर सतरंज्या. पूजेला कुणीतरी तीच जास्वंद कुंडीसकट आणून ठेवली होती. कौतुक चाललं होतं. ही आपल्याच सोसायटीत तयार झाली म्हणे! आणि काका पुढे सरसावले. गंध, सोवळं, तोच आवाज.

“तयार झाली म्हणजे? अहो, ह्या झाडाचं पहिलं फूल माझ्या गणपतीच्या डोक्यावर चढलंय! दोन दिवस टिकतं हे सर्वांत आधी कुणी पाहिलं? मी! पहिलं फूल देवाला गेलं म्हणून तर झाडाला यश आलं.”

लोक माना डोलवत होते. मी उठले. काय बोलणार होते मला आठवत नाही, पण चांगलं काही नक्की नव्हतं. सासूबाईंनी माझा हात धरला.

काकू प्रसादाचं ताट घेऊन रांगेने येत होत्या. त्या नवऱ्यासमोर थांबल्या. आवाज चढवला नाही, पण मांडवातल्या शेवटच्या माणसालाही ऐकू गेलं.

“ते तर बाजारातलं होतं ना, हो?”

काकूंनी त्यांच्या हातावर शिऱ्याचा प्रसाद ठेवला आणि त्या पुढे गेल्या.