गुंडूच्या पिंजऱ्यातली अक्काताई

अक्काताई फाटक्या तोंडाची, असं निपाणीत सगळे म्हणायचे. म्हणेनात! ज्याला तसं वाटतं त्यानं एका बाजारादिवशी मारुतीराव सावकाराच्या बागेत अस्वलाच्या पिंजऱ्याशेजारी उभं राहावं, आणि मग तोंड बंद ठेवता येतं का ते सांगावं.

बाग गावाबाहेर, कोल्हापूरच्या रस्त्याला होती. मारुतीरावांचा धंदा तंबाखूचा. वखारी भरलेल्या, विडीचा कारखाना जोरात. कुठल्याशा संस्थानिकाच्या वाड्यात पाळलेली जनावरं बघून आले आणि त्यांनाही हौस सुटली. चार हरणं आणली, मोर आणले, हौदात एक सुसर सोडली. अस्वल मात्र आयतंच मिळालं. एक दरवेशी निपाणीच्या बाजारात तापानं मेला, आणि नाकात दोरी असलेलं त्याचं अस्वल लिंबाखाली तसंच बसून राहिलं. सावकारांनी ते उचलून आणलं, पिंजऱ्यात घातलं, आणि फाटकावर तिकीट लावलं.

त्या अस्वलाचं गुंडू हे नाव अक्काताईनं ठेवलं. ती मूळची खानापूरकडची. माहेरी पोरं झोपत नसली की आया अस्वलाचं नाव घ्यायच्या, तिथली. त्यामुळं भाकरीची पाटी घेऊन ती पहिल्यांदा पिंजऱ्यापाशी गेली तेव्हा तिनं भाकरी लांबूनच गजांतून आत फेकली. पण करते काय? तिचा नवरा जोतिबा याच सावकाराच्या वखारीत तंबाखू चाळायचा. नाकातोंडात खकाणा जाऊन जाऊन माणूस खोकून खोकून संपला. शेवटी शेवटी तर पाण्याचा घोट घेतानाही त्याला धाप लागायची. तो गेल्यावर सावकारांनी तिला बागेत काम दिलं आणि राहायला मागं एक खोपट दिलं. वर चार माणसांत सांगत फिरले, "बाईला वाऱ्यावर सोडली न्हाय मी." वा रे उपकार!

भीती दोन-चार दिवसांची. गुळाचा खडा घातलेली भाकरी दिसली की गुंडू मागच्या पायांवर उभा राहायचा आणि खाऊन झालं की तिचा तळहात चाटत बसायचा. तिला मूलबाळ नव्हतं. ती त्याच्याशी बोलायची, त्याच्यावर खेकसायची, आणि तो ऐकून घ्यायचा. तिचं ऐकून घेणारं त्या बागेत दुसरं होतं तरी कोण?

दुसरा होता म्हणा, नेमगोंडा. फाटकावर तिकिटं द्यायला बसायचा. बोरगावचा जैन शेतकरी, घरात कानडी, बाजारात मराठी. शेत थोडं म्हणून ही नोकरी धरलेली. स्वभावानं इतका मऊ की अक्काताईचा आवाज चढला की हाच कावराबावरा व्हायचा. "आक्का, जाऊ दे की," एवढंच त्याचं पालुपद.

काय जाऊ दे? बाजारादिवशी चिकोडीपासून, संकेश्वरापासून गाड्या भरून माणसं यायची. अस्वलाचा केस ताईतात घालून पोराच्या गळ्यात बांधला की पोर दचकत नाही, म्हणून बायका गजांतून हात घालून गुंडूचे केस उपटायच्या. चिमटीनं नव्हे, मुठीनं! अक्काताईच्या तळपायाची आग मस्तकाला जायची.

"उपट की गं, तुझ्या पोराच्या डोस्क्याचं उपट! त्यो दचकतोय म्हणून ह्याला सोलतीस व्हय? आन् तुझा हात त्यानं धरला म्हंजे? मग बोंबलत माझ्या नावानं शंख करशील!"

बायका पदराआड हसायच्या. आणि तरी सावकारांची तक्रार एकच, माणसं कमी पडतात. एक दिवस पिंजऱ्यापाशी येऊन म्हणाले, "ह्याच्या खाण्याइतकं बी सुटत न्हाय, अक्काताई. बेळगावच्या छावणीत एक साहेब हाय, त्याला बंदुकीचा बार टाकायला अस्वल पायजे म्हणं. लोकं वाढली न्हाईत तर देऊन टाकतो बघ."

त्या दिवसापासून अक्काताईनं जिभेवर दगड ठेवला. केस उपटणाऱ्या बायकांना ती "या हो, बघा हो," म्हणू लागली. ज्यांचं तोंड बघू नये वाटायचं, त्यांच्याच वाटेकडं डोळे लावून बसायची पाळी आली होती. आली नाहीत तर गुंडू जाणार.

मग ते विडीचं झालं. दरवेशानं गुंडूला तोंडात काठी धरून उभं राहायला शिकवलेलं होतं. चिकोडीच्या एका टग्यानं गंमत म्हणून गजांतून पेटलेली विडी पुढं केली. गुंडूनं ती काठीसारखी ओठांत धरली, ओढली, आणि नाकातून धूर निघाला. अशी खिदळली गर्दी, की हरणं पार भिंतीला जाऊन चिकटली.

ही बातमी सावकारांच्या कानावर गेली आणि दुसऱ्याच दिवशी हुकूम सुटला. बाजारादिवशी गुंडूला आपल्याच कारखान्याची विडी द्यायची, एकामागून एक, लोक आहेत तोवर. फाटकावर पाटी लागली. विडीच्या बंडलांवर, कट्ट्याकट्ट्यावर, अस्वलाचं चित्र आलं. आणि लोक? लोटले हो, लोटले! बोरगाव, सदलगा, पार रायबागेकडची माणसं आली. बाया आल्या, लेकरांना खांद्यावर घेऊन आल्या. नेमगोंड्याला मान वर करायला सवड मिळेना.

"आमच्यात मुंगीवर पाय पडू देत न्हाईत, आक्का," तो संध्याकाळी फाटक लावताना म्हणाला. "आन् मी हितं बसून ह्यांना आत सोडतोय. घरी जेवान जात न्हाय मला."

"मग सोडू नको की!"

"सोडलं न्हाय तर गुंडू जातोय न्हवं?"

यावर ती आणखीच भडकली, आणि त्याच्या हातातलं फाटक ओढून तिनं धाडकन लावलं.

दिवाळी होऊन गेली, आणि एका सकाळी गुंडू खोकला. अक्काताई झाडता झाडता थांबली. कोरडा, खोलवरचा, मध्येच अडकणारा तो खोकला तिनं आपल्या खोपटात रोज ऐकला होता. जोतिबा असाच भिंतीला हात टेकून खोकायचा. गुंडूनं भाकरी हुंगली आणि तोंड फिरवलं. गुळाचा खडा तसाच पडून राहिला.

झाडू हातात तसाच घेऊन ती सावकारांच्या पेढीवर गेली.

"मालक, गुंडूची विडी बंद करा. छाती भरलीया त्याची. माझा दादला असाच गेला."

मारुतीराव गादीवरनं हललेसुद्धा नाहीत. "जोतिबाचं आयुष्य तेवढंच हुतं. आन् हे बघ, लोकं येत्यात म्हणून ते जनावर जगतंय. विडी बंद म्हंजे लोकं बंद. लोकं बंद म्हंजे साहेबाची बंदूक. तूच सांग, काय करू?"

"लोकं आली म्हंजे झालं न्हवं तुमचं?"

"झालं की. मला काय अस्वलाचं लाडकोड न्हाय."

तेच शब्द घोळवत ती परत आली. रात्रभर अंथरुणात तळमळली, सावकाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि पहाटे उठून भाकऱ्या थापल्या.

बाजाराचा दिवस उजाडला. पिंजऱ्याच्या मागं गुंडूला झोपायला एक कोठी होती, मध्ये सरकती लोखंडी फळी. अक्काताईनं गुंडूला आत घेतलं, फळी लावली, आणि स्वतः पिंजऱ्यात शिरून मधोमध मांडी घालून बसली. नेमगोंड्यानं बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अय्यो यव्वा! आक्का, ह्ये काय गं?"

"तू तिकिटं दे, अण्णा."

माणसं आली, गजांना लागून उभी राहिली. आधी कुणाला काही कळेना. मग एक जण ओरडला, "अरं, अस्वल कुठाय?"

"म्या हाय अस्वल!" अक्काताई गरजली. "बघा! पैसं मोजून आलाय न्हवं? मग बघा की डोळं फाडून! विडी पायजे वडलेली? आणा हिकडं!"

कुणीतरी खरंच पेटवून दिली. तिनं ओढली. जन्मात कधी ओढली नव्हती. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि खोकत खोकत ती बोलत राहिली. "ऐका, ऐका ह्यो खोकला! माझा दादला आसंच खोकून मेला तवा कोन आलतं रं बघायला? एक तरी आलता? तवा तिकीट न्हवतं म्हणून आला न्हाईसा व्हय, भाड्यांनो? ए, पटकेवाल्या, दात काय काढतोस? तुझ्या बापाला खोकला झाला म्हंजे असाच हसत हुबा ऱ्हा उंबऱ्यात!"

तिला वाटलं होतं, माणसं शरमतील. माना खाली घालतील, आपापल्या गाड्या जोडतील. दोन-चार म्हाताऱ्या गेल्याही पदर डोळ्याला लावून. बाकीची हसली! पटकेवाला सगळ्यात मोठ्यानं हसला, आणि मागच्यांना हात करून म्हणाला, "या रं या, म्हातारी लई झ्याक शिव्या देतीया!"

पुढच्या बाजाराला फाटकाबाहेर याआधी कधी नव्हती एवढी गर्दी. नेमगोंडा खाली मान घालून सांगत आला, "आक्का, बाई कवा बसती म्हणून इचारत्यात."

पाठोपाठ सावकार आले, हसत. त्यांना काही बोलायला जागाच न देता अक्काताई म्हणाली, "बसते. पर गुंडूला विडी न्हाय, माणूस न्हाय. कोठीच्या मागं त्याला उघडं आंगन करून द्या. त्यो मरूस्तवर त्याला कुनी हात लावायचा न्हाय."

"दिलं," सावकार म्हणाले. त्यांचं काय गेलं?

अशी अक्काताई पिंजऱ्यात बसू लागली. वर्षानुवर्षं, दर बाजारादिवशी. विडी तिनं पुन्हा तोंडाला लावली नाही; तिची गरजच पडली नाही. ती मनापासून शिव्या द्यायची आणि लोक मनापासून हसायचे. घरात नवी सून आली की तिलाही आणून ही बाई दाखवायचे. ती जितकी जळायची तितकी गर्दी वाढायची. संध्याकाळी घसा बसलेली ती मागच्या अंगणात जायची. गुंडू उतरत्या उन्हाला पडलेला असायचा. खोकला हळूहळू कमी आला होता, अंगावर केस दाट झाले होते. तळहात चाटून घेत ती बसायची. त्या वेळी तिच्या तोंडून एक वावगा शब्द निघत नसे.

जर्मनची लढाई सुरू झाली त्या वर्षी गुंडू गेला. म्हातारा होऊन, अंगणातच, झोपेत. अक्काताईनं आणि नेमगोंड्यानं त्याला चिंचेखाली पुरलं. दुसऱ्या दिवशी बाजार होता. ती बोचकं बांधून निघाली, तर फाटकाबाहेर माणसं दाटलेली, आणि मारुतीराव पिंजऱ्यापाशी उभे.

"गुंडू गेला, वाईट झालं," ते म्हणाले. "पर लोकं तुझ्यासाठीच येत्यात गं. हे बघ, बसायला नवं घोंगडं टाकलंय. ये, बघ तरी." असं म्हणत ते स्वतः पिंजऱ्यात शिरले आणि वाकून घोंगडं सारखं करू लागले.

अक्काताईनं दार लोटलं आणि कडी घातली.

"अण्णा," ती नेमगोंड्याला ओरडली, "सोड सगळ्यांस्नी!"

नेमगोंड्यानं फाटक उघडलं. मऊ माणूस, पण त्या दिवशी त्यानं तिकिटंसुद्धा मागितली नाहीत. गर्दी धावत आली, आत सावकार बघितले, आणि बागेत एकच हशा उसळला. सावकार गज धरून ओरडत होते. ते जसे ओरडले तशी माणसं आणखी हसली. अक्काताईच्या जिवाला गार गार वाटलं. जोतिबाला हे दिसायला हवं होतं, असं तिला वाटलं.

तेवढ्यात कुणीतरी विडी पेटवली आणि गजांतून आत धरली. "घ्या सावकार, वडा!" दुसऱ्यानं खडा मारला. एका बाईनं पोराला खांद्यावर घेतलं, नीट दिसावं म्हणून. मारुतीराव पिंजऱ्याच्या मागच्या भिंतीला चिकटून उभे होते, हरणांसारखे.

अक्काताईनं एकेकाचं तोंड बघितलं. गुंडूपुढं हीच तोंडं होती, तिच्यापुढं हीच होती. तिचं हसू विरलं. तिनं गर्दी दोन्ही कोपरांनी बाजूला सारली, कडी काढली आणि दार सताड उघडलं.

"या मालक भायेर," ती म्हणाली. "ह्यांस्नी आत कोनबी चालतंय."

मारुतीराव टोपी सावरत निघून गेले. अक्काताईनं बोचकं उचललं. मागनं पटकेवाला ओरडला, "म्हातारे, शिव्या तरी देऊन जा की!" तिनं मागं वळून बघितलं नाही. बोचकं काखोटीला मारून ती चालू लागली.

फाटकापाशी नेमगोंडा कुलूप हातात घेऊन उभा होता, सगळे बाहेर पडले की लावायचं म्हणून. पण बाहेर कुणी पडेना. उघड्या पिंजऱ्यासमोर माणसं तशीच दाटीवाटीनं उभी होती, आता आत कोण येतंय याची वाट बघत.