उघडमानीची वाटणी

उघडमानीनं पहिलं अंडं घातलं ते माझ्या नवऱ्याच्या हेल्मेटात. तो तलासरीला कामावर निघाला होता. ओट्यावरचं हेल्मेट उचलून त्यानं आत हात घातला आणि म्हणाला, "हे गरम आहे." मला वाटलं विंचू. मी हातात झाडू घेऊन धावले. विंचू गरम नसतो, एवढंही मला त्या वेळी सुचलं नाही. भीती वाटायला मला फारसं कारण लागत नाही.

उघडमानी म्हणजे आमची एक कोंबडी. मानेवर पीस म्हणून नाही. लालभडक उघडी मान, खाली मात्र अंगभर करडी पिसं. नवरा म्हणायचा, हिचं स्वेटर गळ्याला विणायचं राहिलं. ती दिसायला अशी, पण मी भांडी घासताना शेजारी येऊन उभी राहायची आणि मी जे बोलेन त्याला मान तिरकी करून कुर्रकुर्र करायची. माझं इतकं मन लावून ऐकणारं दुसरं कुणी तेव्हा जवळपास नव्हतं.

आम्ही लातूरकडचे. नवऱ्याला इकडं काम मिळालं आणि रानशेतच्या बाजूला एका चिकूच्या वाडीतली खोली मिळाली. खोलीला भाडं नाही, त्याबदल्यात वाडीवर लक्ष ठेवायचं. मालक बोर्डीला राहतो, महिन्यातून कधीतरी येतो. मी सातवीनंतर शाळा सोडली, त्यामुळं अनोळखी माणसाशी बोलताना माझं तोंड आधीच मिटतं. त्यात इथलं बोलणं मराठी, गुजराती आणि पाड्यावरची बोली असं तिन्ही मिसळलेलं. पहिले काही दिवस मी दार लावून बसायची आणि चिकू खाली पडला तरी दचकायची.

वाडीच्या कुंपणापलीकडं भाताची खाचरं, आणि खाचरांपलीकडं एक पाडा. तिथल्या एका आजीनं मला पहिल्यांदा बाहेर काढलं. मला ताप आला होता तेव्हा ती पेज घेऊन आली. कुणी सांगितलं तिला, माहीत नाही. पेज पिऊन होईपर्यंत बसली आणि म्हणाली, "तुझ्या घरातून बोलण्याचा आवाज येतो, पन मानूस तर एकच दिसते."

मी लाजले. भिंतीशी बोलत होते, हे कसं सांगणार?

दुसऱ्या दिवशी ती काखेत एक खुडूक, अंड्यांवर बसायला आलेली कोंबडी आणि पदरात अंडी घेऊन हजर. "भिंत काय उत्तर देते? हिच्याशी बोल. अर्धेलीनं देते."

अर्धेली म्हणजे कोंबडी तिची, सांभाळ माझा. पिल्लं मोठी झाली की निम्मी तिची, निम्मी माझी. वाटणीची रीतही तिनं तेव्हाच सांगून ठेवली. जिनं सांभाळल्या तिनं दोन वाटे घालायचे आणि जिची कोंबडी तिनं आधी वाटा उचलायचा. म्हणजे वाटे घालणारीचा हात सरळ राहतो.

पिल्लं निघाली. काही घारीनं नेली, एक मुंगसानं नेलं. प्रत्येक वेळी मी आजीकडं जाऊन रडवेली होऊन सांगायची, आणि ती म्हणायची, "घारीला पन पोरं असतात." उरलेली दहा जगली. मी त्यांना आमच्या गावाकडच्यासारखं "तीऽ ती ती" करून बोलवायची. माझी आई असंच बोलवते, "ती"वर जरा लांबवून, मग दोन तुटक. इथं कुणी असं बोलवत नाही. पाड्यावर "कू कू" करतात. पण ह्या पिल्लांनी जन्मल्यापासून माझंच ऐकलेलं. चिकूच्या झाडाखाली कुठंही असोत, "तीऽ ती ती" म्हटलं की पंख पसरून पळत यायची. सगळ्यांत पुढं ती उघडी मान.

भातं कापून झाली आणि आजीचा निरोप आला की रविवारी सकाळी वाटणीला येते.

शनिवारी मी वाटे घालायला बसले. उघडमानी मला हवी होती, बाकी कुणी नको. पण तसं सांगायचं कसं? जिनं पेज दिली, कोंबडी दिली, तिच्यापुढं हे माझं म्हणून हात ठेवायचा? मग मी एक युक्ती काढली. एका वाट्यात चांगल्या जाडजूड तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, आणि तो तुरेबाज लाल कोंबडा. दुसऱ्यात उघडमानी आणि तिच्याबरोबर सगळ्या किरकोळ. आजी जाडजूड वाटा उचलेल, तिचाही फायदा, माझंही काम.

नवरा वाट्यांकडं बघून म्हणाला, "ही वाटणी आहे का देणगी?"

"गप बसा. तुम्हाला नाही कळायचं."

"कळतंय की. सगळा माल तिकडं आणि इकडं एक स्वेटरवाली."

आजी आली. कोंबड्या झाकलेल्या दोन्ही बांबूच्या डाल्या उचलून बघितल्या. माझ्याकडं बघितलं, पुन्हा कोंबड्यांकडं बघितलं. मग तिनं किरकोळ वाट्याच्या डालीवर हात ठेवला. "ह्या माझ्या."

"आजी, त्या बारीक आहेत," मी म्हणाले.

"दिसते ना मला. तू लई भोळी हायेस, पोरी. आपल्याला हलकं ठेवून दुसऱ्याला भारी देतेस. सांभाळल्या तू, भारी वाटा तुझा." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवून ती उघडमानीला घेऊन गेली.

माझा नवरा हसू दाबत आत गेला. तिनं माझ्यावर माया केली आणि त्या मायेतच माझी कोंबडी गेली.

दुपारपर्यंत मी तुरेबाज कोंबड्याकडं बघत बसले. तो रुबाबदार होता, पण त्याला माझ्या बोलण्यात काडीचा रस नव्हता. शेवटी वाटीत तांदळाची कणी घेतली आणि खाचराच्या बांधावरून पाड्यावर गेले. नुसतं बघून येऊ म्हणून. आजीनं अंगणात डालीखाली त्यांना कोंडलं होतं. नव्या घराची सवय होईपर्यंत चार दिवस सोडायच्या नसतात, हे मलाही माहीत होतं.

"खात नाहीत गं," आजी म्हणाली. "मी कू कू करते, त्या पाठ फिरवतात. जशा काय मोठ्या घरच्या सुना."

"मी घालून बघू?"

तिनं डाली जराशी उचलून धरली. मी खाली बसले, कणी टाकली आणि सवयीनं म्हणाले, "तीऽ ती ती." आख्खी डालीच उलटली. पाचही बाहेर, माझ्या पायाशी. कणी संपवली. आम्ही दोघींनी मिळून त्यांना परत डालीखाली घातलं. निदान मला तसं वाटलं.

परत निघाले तर बांधावर मागून टिपटिप ऐकू आलं. वळून बघितलं. उघडमानी. तिच्यामागं ओळीनं बाकीच्या चौघी, अरुंद बांधावरून एकापाठोपाठ एक, शाळेची सहल निघाल्यासारख्या. डालीखाली आजीनं दगड लावला नव्हता, मी पण बघितलं नव्हतं.

खाचरात गुरं राखणारी दोन माणसं उभी होती आणि बघत होती. त्यांना काय वाटेल? सकाळी वाटणी झाली आणि दुपारी ही बाई कोंबड्या परत पळवून नेते. मी हाकलायला गेले तर त्यांना तो खेळ वाटला. मी पाड्याकडं चालले तर त्या पाड्याकडं आल्या, थांबले तर थांबल्या. म्हणून मी तशीच वळले आणि त्यांना मागं घेऊन आजीच्या अंगणात गेले.

आजी दारात उभी होती. तिनं मला बघितलं, माझ्यामागची रांग बघितली आणि ओट्यावर बसून हसायला लागली. तोंडाला पदर लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"आजी, मी मुद्दाम नाही केलं. शपथ."

"अगं बस. पानी पी आधी."

पाणी पिताना माझ्या तोंडून निघून गेलं, "आजी, मला ती उघड्या मानेची हवी होती."

ती हसायची थांबली. "मग सकाळी तोंड कुठं गेलेलं?"

"तुम्ही एवढं केलंत. कसं मागू?"

"केलं ते केलं. त्याच्यात मागायचं बंद होते का? माझी पोर असती तर डाली घेऊन पळाली असती." तिनं उघडमानीला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. "ही तुझी. तो लाल कोंबडा मला दे. माझ्या अंगणात आरवायला कोन नाही."

"आणि ह्या चौघी? त्या तर खातच नाहीत तुमच्या हातून."

"मग मला शिकव ते. काय म्हणतेस तू त्यांना?"

मी म्हणून दाखवलं. तिनं म्हटलं, पण "ती"ला लांबवायचं विसरली. चौघी ढिम्म. मी पुन्हा म्हटलं, तिनं पुन्हा म्हटलं. तिसऱ्या-चौथ्या वेळेला एका कोंबडीनं मान वर केली आणि आजी म्हणाली, "सारू. बेस झालं."

संध्याकाळी नवरा लाल कोंबडा पोचवून आला. "सौदा चांगला केलास," तो म्हणाला. "कोंबडा देऊन हेल्मेट गमावलं." त्यानं आता हेल्मेट खिळ्याला टांगायला सुरुवात केली आहे. उघडमानी रोज खिळ्याखाली उभी राहून वर बघते.

रोज सकाळी मी चूल पेटवते तेव्हा खाचरांपलीकडून आवाज येतो, "तीऽ ती ती." थोडा इथला हेल असतो त्यात, पण लांबवणं बरोबर. पहिल्या दिवशी मी पीठ मळता मळता थांबले होते, आई कधी आली म्हणून. आता माझ्या कोंबड्याच ती हाक ऐकून कुंपणातून पलीकडं पळतात, कारण तिकडं कणी आधी पडते. पोट भरलं की बांधावरून परत येतात. कधी त्यांच्यासोबत आजीही येते, चहाला.